सहावी ‘ब’ची गल्ली

आमच्या शाळेत चित्रकलेची खोली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्याला त्याला वाटतं की खोली नव्हती म्हणून हे सगळं घडलं. खोली होती, आणि चांगली ऐसपैस होती. तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला. अंगणाकडे मोठी खिडकी, आत लांबच लांब टेबलं आणि भिंतीत स्वतःचा नळ. फक्त तिच्या दाराला कुलूप होतं, आणि उस्ताद लबीब वारले तेव्हापासून ते कोणी उघडलं नव्हतं.

उस्ताद लबीब म्हणजे मिस अवातिफच्या आधीचे चित्रकलेचे मास्तर. खोलीतली कात्री न् कात्री त्यांच्या सहीनं त्यांच्या ताब्यात होती. सरकारी शाळेत ताबा ही काय चीज असते ते आम्हांला विचारा. वस्तू ज्याच्या नावावर, तिचं ओझं त्याच्या मानेवर. आणि तो माणूसच गेला, तर वरून समिती यायला हवी, तिनं सगळं मोजायला हवं, नव्या माणसाच्या नावावर चढवायला हवं. तोवर दाराला कोणी बोटही लावायचं नाही. समितीत तिघं लागतात. दोघं जमले की तिसऱ्याची बदली व्हायची. तिसरा मिळाला की पहिला निवृत्त व्हायचा. मी नोकरीला लागले तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, आणि शाळेत पहिल्या दिवशी ऐकलं होतं, "समिती येतेय, या महिन्यात नक्की." माझी थोरली कॉलेजात गेली तरी समिती यायचीच होती.

मी करीमा. अरबी शिकवते. माझ्या विषयाला खोली लागत नाही, खडू आणि घसा लागतो. मिस अवातिफचं तसं नव्हतं. तिला पाणी लागायचं, रंग लागायचे, हातपाय पसरायला जागा लागायची, आणि तिला मिळायचा आमचा वर्ग. माझा तास संपला की मी बाहेर आणि ती आत. साठ-पासष्ट पोरी, एकेका बाकावर तिघी-चौघी दाटीवाटीनं. एकीनं कोपर हलवलं की शेजारणीच्या कागदावर नदी वाहायची. पाणी अंगणातल्या नळाला, मोठ्या पोरींचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर, आणि मिस अवातिफचे गुडघे पहिल्याच जिन्याला रडकुंडीला यायचे.

यावर तिनं जी तोड काढली ती अलेक्झांड्रियाच्या आमच्या बाकोस वस्तीतल्या कुठल्याही बाईला सुचली असती. भाजीवाला खाली ओरडला की आपण घरी काय करतो? गॅलरीतून दोरीनं टोपली सोडतो. तिनं घरची वेताची टोपली शाळेत आणली आणि वर्गाच्या खिडकीतून सोडायला लावली. खाली आमचे शिपाई अम्म बय्यूमी, म्हणजे बय्यूमीकाका, टोपलीत पाण्याच्या बाटल्या आणि रंगांच्या डब्या रचायचे, मान वर करून ओरडायचे, "ओढा गं बायांनो, सांभाळून!" आणि वर पाच-सहा पोरी दोरीला लोंबकळायच्या. तोवर मिस अवातिफ कठड्याला धरून एकेक पायरी चढत असायची. टोपली तिच्या आधी पोचायची. बाकीच्या शिक्षिका खिडकीतून डोकावून म्हणायच्या, "मिस अवातिफ, अर्धा किलो टोमॅटो पण पाठव गं वर! आणि कोथिंबीर फुकट मागून घे!" ती हसायची. रागावणं तिला जमतच नव्हतं. मला तिचा या एका गोष्टीसाठी फार राग यायचा.

गणिताची मिस परीक्षेच्या तयारीसाठी तिचा तास उसना मागायची. ही म्हणायची, "असू दे, घे." उसना नेलेला तास परत कोण देतं? मंत्र्यांची भेट ठरली की मुख्याध्यापिका मादाम बहीगा तिला फाटकावर गुलाबाची फुलं रंगवायला बसवायच्या. ही बसायची. "अगं, तू काय रंगारी आहेस?" मी विचारायची. "असू दे करीमा, फाटक निदान वाळेपर्यंत तरी उभं राहतं," ती म्हणायची. मला वाटायचं, ही थट्टा करतेय.

ती थट्टा नव्हती हे मला फार उशिरा कळलं.

दुपारी आमची इमारत मुलांची शाळा होते. सकाळी आमच्या पोरी, दुपारी ते टोणगे. त्यांचे मुख्याध्यापक वेगळे, शिपाई वेगळा, फक्त बाकं तीच. आमची घंटा झाली की वर्गात आमचं काही म्हणता काही उरता कामा नये. एकदा मिस अवातिफनं ओली चित्रं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी अंगणभर त्यांची विमानं सापडली. तेव्हापासून तिच्या प्रत्येक चित्राचा जन्म आणि शेवट एका तासात. त्या तासातली पंधरा मिनिटं टोपली ओढण्यात जायची आणि दहा मिनिटं आवरण्यात. आम्ही बाकीच्या सगळ्या घंटा झाली की म्हणतो, "उरलेलं पुढच्या तासाला." अख्ख्या नोकरीत मिस अवातिफला हे वाक्य एकदाही म्हणता आलं नव्हतं. तिचं उरलेलं ठेवायला जागाच नव्हती.

हे तिनं मला सांगितलं त्या हिवाळ्यात, मधल्या सुट्टीत. आम्ही दोघी जिन्याखाली बसून ताअमिय्याचे गरम वडे खात होतो. येत्या उन्हाळ्यात ती साठ पूर्ण करून निवृत्त होणार होती.

"मला एकदा त्यांना माती द्यायची आहे," ती म्हणाली. "ओली माती. एका तासात होत नाही ती. आज थापायची, उद्या कोरायची, मग दिवसच्या दिवस वाळू द्यायची. पोरींना कळलं पाहिजे की एखादी गोष्ट थांबल्यावर होते."

"आणि वाळवणार कुठं? माझ्या डोक्यावर?"

"गच्चीवर."

"गच्चीची किल्ली अम्म बय्यूमीकडे. तो कुणाला वर फिरकू देत नाही."

"त्याची कबुतरं आहेत ना वर," ती म्हणाली. "त्याला वाटतं कुणाला ठाऊक नाही."

अख्ख्या बाकोसला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी शाळेवर कबुतरांचा थवा घिरट्या घालायचा आणि अम्म बय्यूमी गच्चीवरून शिट्ट्या मारायचे. पण मिस अवातिफनं त्यांच्याकडे जाऊन शपथेवर सांगितलं की ती कबुतरांबद्दल चकार शब्द काढणार नाही. अम्म बय्यूमींनी बराच वेळ हनुवटी खाजवली. "ठेवा," ते म्हणाले. "पण अव्वा जाऊ द्या, मिस. त्याआधी माती वर नेलीत तर नुसता चिखल खाली आणाल."

हे मात्र खरं बोलले. आमच्या अलेक्झांड्रियात हिवाळ्यातल्या प्रत्येक वादळाला नाव आहे आणि प्रत्येकाची तारीख ठरलेली आहे. कासिम, फैदा, हसूम, सगळी पाव्हण्यांसारखी येतात आणि आपापले दिवस राहून जातात. अव्वा सगळ्यांत शेवटची, मार्चच्या अखेरीस. ती गेली की आम्ही लोकरीचे कपडे पेटीत घालतो, खिडक्यांच्या फटीतले चिंध्यांचे बोळे काढून टाकतो. त्यानंतर पाऊस नाही. हे आम्हांला आमच्या आयांनी सांगितलं आणि त्यांना त्यांच्या. त्याच्या भरवशावर कोळी होड्या सोडतात, तर मिस अवातिफनं माती ठेवली यात तिचं काय चुकलं?

अव्वा आली, दोन दिवस दारं बडवून गेली. त्याच आठवड्यात मिस अवातिफ महमूदिय्या कालव्याकडच्या एका कुंभाराकडून गाढवाच्या गाडीवर माती घेऊन आली. कुंभारानं कबूल केलं होतं की घरं नीट वाळली की शम्म नसीमच्या, वसंताच्या सणानंतर तो ती आपल्या भट्टीत भाजून देईल. मग रंग. मग शेवटच्या दिवशी जिचं घर तिच्या घरी.

घरं, कारण तिनं सहावी ‘ब’ला सांगितलं होतं, "तुम्ही राहता ती गल्ली करायची. जिनं तिनं आपलं घर. गॅलरी, वाळत घातलेले कपडे, टोपली, सगळं."

वर्तमानपत्रं अंथरली. माती टोपलीतून वर आली तेव्हा दोर करकरला आणि रुकय्या नावाची एक धटिंगण पोर ओरडली, "मिस, यात अम्म बय्यूमी बसलेत काय?" वर्गात नुसता हलकल्लोळ. मी मुद्दाम बाहेर थांबून पाहत होते. पोरींनी आधी माती हुंगली, मग एकमेकींच्या नाकाला लावली आणि मग कशा कोण जाणे गप्प झाल्या. पासष्ट पोरी गप्प, आणि मी रोज त्यांच्यापुढे घसा फोडते. रुकय्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून लोंबणारी टोपली करत होती. माती पुन्हापुन्हा तुटत होती. ती जीभ बाहेर काढून पुन्हापुन्हा वळत होती.

घंटा झाली. एकीचंही घर पुरं झालं नव्हतं. पोरी घाबरून मिस अवातिफकडे पाहू लागल्या, आता ही काय म्हणते म्हणून. तिनं ओली फडकी काढली, एकेका घरावर पांघरली आणि म्हणाली, "उरलेलं पुढच्या तासाला."

तिचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. लग्न ठरल्याचं सांगताना मुलीचा आवाज जसा होतो ना, तसा.

पुढचे तीन-चार तास तसेच. दर वेळी फळ्यांवर घरं मांडून पोरी रांगेनं गच्चीवर जायच्या, कबुतरांच्या खुराड्याशेजारी फळ्या ठेवायच्या आणि काही पाहिलं नाही असा चेहरा करून खाली यायच्या. सगळी घरं कोरून झाली. एकीनं दुकानावर पाटी लावली, एकीनं मशिदीचा मिनार केला आणि तो वाकडा झाला म्हणून रडली. मिस अवातिफनं पोरींना शिकवलं होतं, माती घाईनं वाळली तर तडकते, म्हणून आधी फडक्याखाली, मग सावलीत, मग उन्हात. रोज सकाळी शाळा भरायच्या आत ती ते गुडघे घेऊन चार जिने चढायची, घरं फिरवायची आणि उतरायची. मी म्हणायची, "मरशील." ती म्हणायची, "असू दे." त्या दिवसांत तिचं ‘असू दे’ वेगळं लागायचं.

शम्म नसीमला थोडे दिवस उरले होते. घराघरांत खारवलेल्या माशांचे वास सुटले होते. सकाळपासून हवा कोंदट होती. शेवटचा तास चालू असताना समुद्राकडून ढगांची काळी भिंत उठली आणि बघता बघता ट्रामच्या तारांवर आली. मी फळ्यावर लिहीत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "मिस, पाऊस."

"एप्रिलात?" मी म्हटलं. "लिहा गपचूप."

पहिला थेंब खिडकीवर फुटला तेव्हा सहावी ‘ब’ बाकांवरून उड्या मारून पळाली. त्यांना थांबवायचं मला भान नव्हतं, मीही पळाले.

गच्चीवर मिस अवातिफ आधीच होती. कशी चढली देव जाणे. अंगातला कोट काढून तिनं एका फळीवर टाकला होता आणि दुसऱ्या फळीवर स्वतः ओणवी झाली होती. अम्म बय्यूमी कबुतरं सोडून प्लास्टिकचा कागद ओढत आले, तोही वाऱ्यानं फाटला. न भाजलेली माती म्हणजे काय, चार थेंब पडले की साबणासारखी सुटते. कडेच्या फळीवरची घरं आमच्या डोळ्यांदेखत बसली. तो वाकडा मिनारही गेला.

"खाली न्या! खाली!" मी ओरडले. पोरींनी फळ्या उचलल्या आणि जिन्याशी जाऊन थबकल्या. दुपारच्या शाळेची घंटा झालेली. पावसाला भिऊन ती सगळी पोरं एकदम आत घुसली होती, आणि जिना वरपासून खालपर्यंत ठासून भरला होता. फळी घेऊन तिथून मुंगीसुद्धा उतरली नसती.

"टोपली," रुकय्या म्हणाली.

मागच्या बाजूला, जिथं भिंतीचा आडोसा होता, तिथून आम्ही दोर सोडला. टोपलीच्या तळाशी पोरींच्या अंगावरचे स्वेटर, त्यावर दोन-तीन घरं, वरून कुणाचं तरी दप्तर पालथं. खाली अम्म बय्यूमींच्या बायकोनं, उम्म सय्यदनं, हात पसरलेले. टोपली खाली, टोपली वर. पोरींच्या तळव्यांना दोरानं वळ उठले, पण एकीनंही ‘आई गं’ केलं नाही. मी माझ्या नोकरीत या वर्गाला इतकं शहाण्यासारखं वागताना कधी पाहिलं नव्हतं.

अम्म बय्यूमी, मी आणि काही पोरी रिकाम्या हातांनी त्या गर्दीतून कशाबशा खाली उतरलो. पण खाली उतरवलेलं ठेवणार कुठं? अंगण तळं झालं होतं. वर्गांत टोणगे. मादाम बहीगांचं ऑफिस दुपारी दुसऱ्या मुख्याध्यापकांचं. उम्म सय्यदच्या फाटकाजवळच्या खोलीत तिघांना झोपायला जागा नव्हती. घरं चित्रकलेच्या खोलीच्या त्या बंद दाराच्या पायरीवर रचत गेलो आणि पायरीवर पाणी चढत गेलं.

मिस अवातिफ जिन्यातल्या पोरांतून वाट काढत, भिजून चिंब, खाली आली. तिनं पायरीकडे पाहिलं. मग कुलपाकडे.

"अम्म बय्यूमी, हातोडी द्या."

"मिस, मला चार पोरी आहेत लग्नाच्या," अम्म बय्यूमी म्हणाले. त्यांची पाचावर धारण बसली होती. "सरकारी कुलूप आहे ते. हातोडी माझ्या नावावर आहे. नका हो."

ती तशीच वळली. उम्म सय्यदच्या खोलीत गेली आणि पितळी खलातला बत्ता घेऊन आली. बाळाच्या सातव्या दिवशी त्याच्या कानाशी आपण जो वाजवतो, तोच. गंजलेलं कुलूप तिसऱ्या घावाला तुटलं. मी तिच्या शेजारी उभी होते. जिनं गणिताच्या मिसला आयुष्यात ‘नाही’ म्हटलं नाही, ती बत्ता घेऊन उभी होती.

दार उघडलं. आत धूळ, कोळ्यांची जाळी आणि उस्ताद लबीब यांचा खुंटीवर टांगलेला डगला. बाकी सगळं जागच्या जागी. टेबलं कोरडी ठणठणीत. पोरींनी घरं आणून त्यांवर मांडली. मिस अवातिफनं सांगितलं तशी, रांगेत, गल्लीसारखी. आठ-दहा गेली होती. बाकीची उभी होती. रुकय्याची टोपली शाबूत होती.

मग मिस अवातिफ भिंतीपाशी गेली आणि तिनं नळ फिरवला. तो आधी खोकला, लाल पाणी ओकला आणि नंतर स्वच्छ वाहू लागला. ती त्याखाली हात धरून उभी राहिली. धुऊन झाले तरी उभी राहिली. "इथंच होतं गं, करीमा," ती म्हणाली. "पाणी इथंच होतं." मला रडू आवरेना. तिच्या गुडघ्यांसाठी, त्या मूर्ख टोपलीसाठी, मला सगळ्या खात्याच्या नावानं बोंब मारावीशी वाटली.

समिती दुसऱ्याच दिवशी आली! इतकी वर्षं जिला तिसरा माणूस मिळत नव्हता, तिला आता चौथाही मिळाला, पिशवी धरायला. दुपारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी रातोरात कळवलं होतं.

मादाम बहीगांनी मिस अवातिफला कोपऱ्यात घेतलं. बाई करड्या, पण मनानं वाईट नाहीत. "हे बघ, कुलूप गंजलं होतं, आपोआप पडलं म्हण. मीही तेच म्हणते."

"मी तोडलं, मादाम."

"अगं, मला ठाऊक आहे तू तोडलंस! म्हण आपोआप पडलं!"

"सहावी ‘ब’नं पाहिलंय," मिस अवातिफ म्हणाली. "त्यांच्यासमोर कसं म्हणू?"

मादामांनी कपाळाला हात लावला.

समितीनं मोजायला सुरुवात केली. टेबलं बरोबर. कात्र्या बरोबर. डगलासुद्धा यादीत होता. मला वाटलं, सुटलो. मग समितीचे मोठे साहेब टेबलांपाशी आले आणि चष्मा वर करून त्या गल्लीकडे पाहत राहिले.

"ही मातीची घरं कुठल्या पानावर आहेत?"

"ती सामानातली नाहीत, साहेब. माझ्या पोरींनी केलीत."

"म्हणजे यादीत नाहीत."

"नाहीत. मी कालच ठेवली आत."

"बाई, सामान कमी भरलं तर एक गुन्हा, जास्त भरलं तर दुसरा. हे जास्त भरलं. सरकारी ताब्यातल्या खोलीत सापडलं, म्हणजे ठरेपर्यंत सरकारचं."

"मातीची आहेत हो," मी मध्ये पडले. "शाळेतल्या पोरींची! खाली नावंसुद्धा कोरलीत, उलटून बघा."

"उलटायला हात लावावा लागेल," साहेब म्हणाले. "हात आता चौकशी अधिकारी लावतील."

"ते कधी येतील?"

"येतील. समिती नेमावी लागेल."

मी तोंड उघडणार होते, पण मिस अवातिफनं माझा हात धरला. "साहेब," ती म्हणाली, "माझ्यावर काय लिहायचं ते लिहा. पण ती भाजायची आहेत. कुंभारानं शब्द दिलाय. न भाजता राहिली तर एका पावसात..." साहेब खरंच ओशाळले. त्यांना राग नव्हता, दुष्टावाही नव्हता. मला वाटतं त्यांना घरं आवडलीही होती, कारण ते रुकय्याच्या टोपलीकडे पुन्हापुन्हा पाहत होते. "मी काय करू, बाई?" ते म्हणाले. "मी बाहेर काढू दिली तर तो माझ्या मानेवर बसेल." कोण बसेल ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही, ताबा आम्हांला ठाऊक होता.

दार लावलं. नवं कुलूप. त्यावर दोरा, दोऱ्यावर लाल लाखेची मोहोर. बत्ता पुरावा म्हणून कापडात गुंडाळून नेला. उम्म सय्यद फाटकापर्यंत त्यांच्या मागं धावली, "अहो, माझ्या आईचा आहे तो!" तो अजून आलेला नाही. ती आता लसूण दगडानं ठेचते.

परीक्षा झाल्या. मिस अवातिफ अर्ज करत राहिली, मादाम बहीगांनीही दोन अर्ज केले, मी एक असा केला की त्याबद्दल मलाच बोलावून झापलं. चौकशीचं घोंगडं भिजत पडलं. कुंभाराचा निरोप आला की भट्टी पेटवून झाली, आता पुढच्या खेपेला.

शेवटच्या दिवशी सहावी ‘ब’ शाळा सोडून मोठ्या शाळेत जाणार होती आणि मिस अवातिफ घरी. पोरी नव्या रिबिनी बांधून आल्या होत्या. एकमेकींच्या गळ्यात पडून रडून झालं आणि मग त्या आपसूक अंगणातल्या त्या मोठ्या खिडकीशी जमल्या. काचेवर बाहेरून धूळ होती ती रुकय्यानं बाहीनं पुसली. आत गल्ली दिसत होती. घरांचा रंग बदलून फिकट, राखट झाला होता. कपडे वाळत होते, टोपली लोंबत होती. कुठं तडा गेलेला नव्हता. एकाही घराला नाही.

मिस अवातिफ मागून आली. पोरींनी तिला वाट दिली. तिनं काचेला कपाळ टेकवलं आणि बराच वेळ एकेक घर निरखलं. मी खूप वर्षांनी तिच्या तोंडून स्वतःच्या कामाबद्दल चांगला शब्द ऐकला. "छान वाळली आहेत," ती म्हणाली. "घाई केली नाहीत तुम्ही."

"मग आता रंगवायची कधी, मिस?" रुकय्यानं विचारलं.

मी मान फिरवली. मला वाटलं, आता ही ‘असू दे’ म्हणणार, आणि ते मला ऐकवणार नव्हतं.

"पुढच्या तासाला," मिस अवातिफ म्हणाली.

रुकय्यानं मान डोलावली आणि आपलं घर कितवं आहे ते काचेवर बोटानं मोजून ठेवलं.